पावाची खीर

चमचा तोंडात गेला तो तिथेच राहिला. बोग्नाला तो बाहेर काढायचं सुचेना. पोलंडमधल्या व्रोत्सवाफच्या मोठ्या चौकात नाताळची जत्रा भरली होती. यंदा नगरपालिकेनं तिच्यात एक रांग निरनिराळ्या लोकांच्या खाण्याची लावली होती, आणि बोग्ना चष्म्याच्या दुकानातून सुटल्यावर घरी न जाता सरळ त्या रांगेत शिरली होती. खाण्याच्या बाबतीत मागेपुढे पाहणारी ती बाई नव्हे. आधी लिथुआनियाच्या बायकांनी केलेला मधाचा केक, थरावर थर आणि मध्ये आंबट साय. मग युक्रेनच्या पोरींकडच्या चेरी भरून उकडलेल्या करंज्या. त्यांचा लाल रस हातमोज्यावर सांडला तर तिनं तो हातमोजाच चोखला. मग डोंगरातल्या धनगरांचं विस्तवावर भाजलेलं खारट चीज. मग गुलाबाचा मुरंबा भरलेला एक तळलेला पोंचेक. खरं तर पोंचेक खायचे ते उपासांचा महिना लागण्याआधीच्या गुरुवारी, पण समोर आला म्हणून खाल्ला. पोट भरलं होतं, नाक गार पडलं होतं, आणि शेवटच्या टपरीशी ती केवळ पाय थांबले म्हणून थांबली. ती टपरी दुसऱ्या महायुद्धानंतर हे शहर जर्मनीकडून पोलंडकडे आलं तरी इथेच राहून गेलेल्या मूठभर जर्मन लोकांच्या मंडळाची होती. विणलेली टोपी घातलेली एक म्हातारी काचेच्या खोल वाडग्यातून काहीतरी वाढत होती. दूध, मध, तीनदा दळलेली काळी खसखस, बेदाणे, लिंबाची साल, आणि गिळून झाल्यावर जिभेच्या पार मागे कडू बदामाचा एक थेंब. आजी. दुसरं कुणी नाही, आजीच. आणि आजीला जाऊन तीस वर्षं होत आली होती.

"अहो बाई, गिळा की," म्हातारी म्हणाली. "विष नाही घातलेलं."

"ही खीर... गव्हाची खीर ना ही?"

"गहू? कुठे दिसला तुम्हाला गहू? चष्मा लावा. पाव आहे हा. दुधात भिजवलेला पाव."

"आमच्याकडेही पावाचीच करतात," बोग्ना म्हणाली. आपण हे एवढ्या घाईनं का बोललो ते तिला कळलं नाही.

"कुठल्या तुम्ही?"

"इथल्याच. म्हणजे, आमची माणसं मूळची तिकडची, पूर्वेला ल्वूफकडची. लढाईनंतर तो मुलूख गेला, म्हणून इथे आली."

म्हातारीनं मान हलवली. "मग नाही बाई. तिकडची माणसं गहूच घालतात, जीव गेला तरी गहू. पावाची म्हणजे इथली. आमच्या लोकांची. माझी आई याच गावात करायची, तेव्हा या गावाचं नाव वेगळं होतं." तिनं बोग्नाच्या चेहऱ्याकडे जरा वाकून पाहिलं. "आजीचं नाव काय तुमच्या?"

"तेओफिला."

"हं," म्हातारी म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळता वळता म्हणाली, "नावाचं काय, नावं तेव्हा पुष्कळांनी बदलली."

एवढंच झालं. दुसऱ्या कुणी ते हसण्यावारी नेलं असतं. बोग्नानंही तसं करून पाहिलं. ट्रामच्या थांब्यापर्यंत ती मनातल्या मनात त्या म्हातारीशी भांडत गेली. पाव तर पाव! त्यात एवढं काय? घरी सगळ्यांना ठाऊकच होतं की आमची गव्हाची खीर पावाची असते. शेजारीपाजारी त्यावरून चेष्टा करत, आणि आई ठरलेलं उत्तर देई की आम्ही आलो त्या साली गहू कुठे मिळत होता, म्हणून पाव घातला आणि तोच पायंडा पडला. चांगलं उत्तर होतं. पन्नास वर्षं पुरलं. पण पुढच्या साली गहू मिळत नव्हता का? त्याच्या पुढच्या साली? हा प्रश्न इतका समोर पडलेला होता की आजवर त्याची ठेच कशी लागली नाही, याचंच बोग्नाला नवल वाटलं. आणि कडू बदाम? गहू नव्हता म्हणून पाव, ठीक. मग काय नव्हतं म्हणून कडू बदाम घातला? आई वसंतात गेली. ती असती तर आता जाऊन तिच्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभं राहता आलं असतं. आई गेल्याचं दुःख बोग्नाचं उन्हाळाभर कपाटं आवरताना, औषधांच्या बाटल्या टाकताना थोडंथोडं करून झालं होतं, असं तिला वाटत होतं; आता विचारायला कुणी नाही हे कळल्यावर ते पुन्हा पहिल्यासारखं उभं राहिलं. ट्राम आली, दार उघडलं, मिटलं, निघून गेली. बोग्ना थांब्यावरच होती.

दुसऱ्या ट्राममध्ये तिला डबे आठवले. स्वयंपाकघरातल्या फळीवरचे चिनी मातीचे पांढरे डबे, निळ्या जर्मन अक्षरांचे. त्यात विशेष काही नव्हतं. या शहरात सगळ्यांकडेच तसे डबे होते, तशाच अक्षरांचे नळ, तशाच अक्षरांच्या इस्त्र्या. पळून गेलेल्यांच्या, घालवून दिलेल्यांच्या घरांत माणसं आली आणि त्यांच्याच भांड्यांत स्वयंपाक करू लागली. वाचता कुणालाच येत नव्हतं. त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या काकू 'मीठ' लिहिलेल्या डब्यात साखर ठेवत, आणि बोग्नाच्या मैत्रिणीच्या घरी 'साखर' लिहिलेल्या डब्यात वडिलांचे खिळे असत. शाळेत जर्मन शिकल्यावर पोरं घरोघरी जाऊन हे डबे वाचून हसत. बोग्नाही हसायची. पण आपल्या घरी हसायला काहीच सापडलं नव्हतं, कारण आजीच्या फळीवर पिठाच्या डब्यात पीठ होतं, मिठाच्या डब्यात मीठ, आणि त्या शेवटच्या लहान, लांबलचक नावाच्या डब्यात दालचिनी. पहिल्यापासून. ट्रामच्या काचेवर आपला चेहरा तरंगताना बोग्नाला दिसला. रुंद गालफडं, फिकट भुवया. रोज लोकांच्या नाकावर चष्मे बसवताना ती चेहरे मोजायची. हा चेहरा कुठला, हे तिला मोजून सांगता येईना. वाचता येत होतं का आजीला? मग कुणापासून लपवलं? आणि आजी जर्मन असली तर मग मी कोण? पन्नाशी उलटल्यावर असा प्रश्न पडणं म्हणजे भर रस्त्यात बुटाचा तळ निघून हातात येणं.

तिच्या नवऱ्यानं, झेनोननं दार उघडलं ते हातात पाव-लोणी घेऊनच. तो निवृत्त ट्रामचालक, मूळचा पोझ्नानकडचा, म्हणजे ज्यांची माणसं कुठून आली नाहीत आणि कुठे गेली नाहीत अशांपैकी. त्याला सगळं सांगितल्यावर त्यानं घास संपवला, मिशा पुसल्या आणि विचारलं, "मग यंदा खीर होणार की नाही?"

"तुला कळतंय का मी काय म्हणतेय? आजी कदाचित जर्मन असेल."

"असेल. माझी आजी भांडखोर होती, त्याचं मी काय करू?"

"थट्टा नको करूस झेनोन."

"अगं, पाव असो नाहीतर गहू असो, तू दोन वाडगे खातेस आणि मग पोट दुखतं म्हणून मला चहा करायला लावतेस. एवढं मला माहीत आहे. बाकी तुझं खानदान तू बघ."

त्याच्यावर रागावता येत नव्हतं, म्हणून तर ती जास्तच रागावली. ती स्वयंपाकघरात गेली. हे तेच स्वयंपाकघर. लग्नानंतर ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होती आणि आई आजारी पडल्यावर दोघं इथे राहायला आली. आता घर तिच्या नावावर झालं होतं. खसखस दळायचं लोखंडी यंत्र ओट्याच्या कडेला स्क्रूनं आवळलेलं होतं, त्याच्या दांड्याची लाकडी मूठ झिजून मधे बारीक झाली होती. आजी ते फिरवताना काहीतरी पुटपुटायची. लहानपणी बोग्नाला वाटायचं की प्रार्थना असेल. आता ते शब्द ऐकू यावेत म्हणून तिनं डोळे मिटले, आणि ऐकू आलं ते असं की प्रत्येक खेपेला ती स्वतःच त्यात नवे शब्द घालत होती, एकदा जर्मन, एकदा आपले. आठवण म्हणजे दाबू तशी दबणारी कणीक निघाली. एक गोष्ट मात्र तशी दबेना. बोग्ना सात-आठ वर्षांची असेल. उन्हाळ्यात समोरच्या फुटपाथवर कॅमेरा घेतलेला एक म्हातारा गृहस्थ येऊन उभा राहिला, त्यांच्या खिडक्यांकडे टक लावून. तेव्हा जर्मनीतून असे लोक यायचे, आपली जुनी घरं बघायला. आईनं झटकन पडदा ओढला. सगळ्याच आया ओढत. भीती असायची की हे एक दिवस परत मागतील. पण आजी पडद्याच्या फटीशी उभी राहिली ती तो गृहस्थ जाईपर्यंत. मग वळून कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली, "ती नव्हे." बोग्नाला तेव्हा हसू आलं होतं, कारण तो तर पुरुष होता. आता तिला हसू आलं नाही. कोण ती? बहीण? आई? आजीची आई जर्मनीत होती आणि आजी पडद्यामागे तिची वाट बघत होती, असं काही? या घरात आपण जन्मभर परक्याच्या घरात राहतो तसं जरा अंग चोरून राहत आलो, पण खरे पाहुणे आपण नव्हतोच की काय? की आपणच होतो?

जिवंत असलेल्यांत विचारण्यासारखी आता एकच व्यक्ती होती, आईची धाकटी बहीण स्तेफा मावशी. तिला सोयीचं तेवढंच ऐकू यायचं. बोग्नानं फोन लावला.

"मावशी, आजी कुठली होती?"

"कुठली म्हणजे? आता स्वर्गातली. मासा आणलास का?"

"मावशी, खिरीत पाव का घालायची ती?"

फोनवर इतका वेळ काहीच आलं नाही की बोग्नाला वाटलं लाइन गेली.

"मावशी?"

"कार्प मोठा घेऊ नकोस, चिखलाचा वास येतो त्याला," मावशी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

झालं. उरलासुरला धीरही गेला. साधा प्रश्न असता तर मावशीनं बोग्नाच्या सात पिढ्यांचा उद्धार करून उत्तर दिलं असतं. गप्प बसणं हा तिचा स्वभावच नव्हे. पुढचे दिवस बोग्ना दुकानात गिऱ्हाइकांना चुकीच्या पेट्यांतून चष्मे काढून देत होती. एक गृहस्थ बायकांची फ्रेम डोळ्यांवर चढवून आरशासमोर बराच वेळ उभे राहिले तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. नाताळची आदली संध्याकाळ यंदा प्रथमच तिच्या हातची होती. आई होती तोवर खीर आईच करायची, कुणाला ओट्याजवळ येऊ द्यायची नाही. आता बाजारात उभं राहून बोग्नाला ठरवता येईना. गहू घ्यावा तर आजीला पुसून टाकल्यासारखं होतं, आणि पाव घ्यावा तर काहीतरी कबूल केल्यासारखं, पण काय कबूल केलं ते माहीत नाही. शेवटी तिनं गहूही घेतला आणि पांढरा पावही, आणि दुकानदारीणबाई म्हणाल्या, "बराच गोतावळा दिसतोय," तर तिला रडूच फुटायचं बाकी राहिलं.

त्या संध्याकाळी टेबलावर पांढरी चादर, चादरीखाली मूठभर वाळलेलं गवत, बिटाचं सार, मशरूम भरलेल्या करंज्या, तळलेला मासा, खसखशीची गुंडाळी, सगळं जागच्या जागी होतं. आणि मधोमध दोन वाडगे, एक गव्हाचा, एक पावाचा. रिवाजाप्रमाणे एक ताट जास्तीचं मांडलं होतं, अवचित कुणी दारात आलं तर त्याच्यासाठी. पहिली चांदणी दिसल्याशिवाय जेवायला बसायचं नसतं; ती झेनोननं खिडकीतून पाहिली, म्हणजे पाहिली असं जाहीर केलं, कारण त्याला भूक लागली होती. पांढरी पापुद्र्यासारखी प्रसादाची वडी मोडून तिघांनी एकमेकांना भरवली, शुभ चिंतलं. मावशीनं बोग्नाच्या गालाचा मुका घेतला आणि मग तिची नजर टेबलावर पडली.

"हे काय? दोन दोन?"

"तू सांगितलं नाहीस, म्हणून," बोग्ना म्हणाली. आवाज जरा चढला. "मला माहीतच नाही मावशी, माझ्या घरात काय करतात ते. या वयात. त्या जत्रेतल्या म्हातारीला माहीत आहे आणि मला माहीत नाही."

मावशीनं खुर्ची ओढली, आणि कुणाची वाट न पाहता गव्हाच्या वाडग्यातून एक चमचा तोंडात टाकला. चावत राहिली. "गहू कच्चा राहिलाय," ती म्हणाली. मग आणखी एक चमचा घेतला. "आई गावाकडे अशीच करायची. माळ्यावर पोतं असायचं आमच्या स्वतःच्या गव्हाचं. चव आठवेल असं वाटलं नव्हतं गं."

"म्हणजे आजी तिकडचीच."

"मग कुठली असणार? काय मनात घेऊन बसली होतीस?"

बोग्नाला हायसं वाटायला हवं होतं. दोन आठवडे उरावर बसलेला धोंडा असा एका चमच्यासरशी उतरला. पण मोकळं वाटण्याऐवजी हातातलं काहीतरी कुणी काढून घेतल्यासारखं वाटलं. जत्रेतली ती म्हातारी, तो कडू थेंब, जागच्या जागी असलेले डबे, पडद्याची फट, हे सगळं घेऊन ती दुसरीच एक बोग्ना मनात वावरवत होती, आणि तिची थोडी सवय झाली होती. ती आता कुठे गेली? "मग पाव?" तिनं विचारलं.

मावशीनं दुसऱ्या वाडग्याकडे पाहिलं, हात लावला नाही. "आम्ही आलो तेव्हा हे घर रिकामं नव्हतं," ती म्हणाली. "कुणाचीच नव्हती तेव्हा रिकामी. घराची मालकीण आतल्या खोलीत होती, जर्मनीच्या गाडीत घालून नेईपर्यंत. एल्झा तिचं नाव. आम्ही पुढे, ती मागे, चूल एकच. आई आणि ती आधी एकमेकींकडे पाठ करून स्वयंपाक करायच्या. एकीला दुसरीचा शब्द कळत नव्हता. मग एक दिवस आईनं साराला मीठ म्हणून सोडा घातला, तो फसफसून वर आला, आणि ती बाई हसली. मग आईही हसली. त्या दिवशी तिनं डबे एकेक उघडून दाखवले."

"आणि खीर?"

"नाताळ आला. गहू नाही. आई रडत बसली होती, सण कसला म्हणून. तर ती खसखस घेऊन आली, कुठेतरी लपवून ठेवलेली. पाव आमचा. तिनं केली, आपल्या पद्धतीनं, त्याच यंत्रावर दळून. आणि आईनं तिला आमच्या टेबलावर बसवलं. बाबा उठून गेले. त्यांच्या भावाला जर्मनांनी मारलं होतं, त्यांचंही काय चुकलं? तरी आईनं बसवलं. जास्तीचं ताट असतं ना, त्यावर."

टेबलावरची मेणबत्ती तडतडली. झेनोन हातातली करंजी हातातच धरून बसला होता.

"उन्हाळ्यात नेलं तिला," मावशी म्हणाली. "हातात मावलं तेवढं घेऊन गेली. आई तिच्या पाठीमागे जिना उतरून रस्त्यापर्यंत गेली आणि मोठमोठ्यानं आपल्या भाषेत सांगत होती की नाताळला ये, मी करीन, नाताळला ये. तिला काय कळलं असेल कुणास ठाऊक. नंतर घरात तिचं नाव घेण्याची सोय नव्हती. बाबा होते, शेजारी होते, तो काळच तसा. तुझ्या आईनं गहू मिळाला नाही असं सांगायला सुरुवात केली, आणि मग तेच खरं झालं. मीही तेच सांगत आले. बाबांना वचन दिलं होतं."

"ती नव्हे," बोग्ना हळूच म्हणाली.

"काय?"

"काही नाही."

"आता एक सांग मला," मावशी म्हणाली, "तू एवढी शिकलीसवरलीस. लोकांच्या घरी हे जास्तीचं ताट कसं असतं?"

"कसं म्हणजे? असतं. तसंच."

"रिकामं असतं गं. सगळ्या मुलखात रिकामं असतं. आपल्याकडे कधी होतं रिकामं?"

बोग्ना त्या ताटाकडे बघत राहिली. दरवर्षी आजी आणि मग दरवर्षी आई, कुणाला वाढायच्या आधी खिरीचा पहिला डाव त्या ताटात घालायच्या. बोग्नाला जन्मभर वाटत आलं की तोच रिवाज आहे, सगळीकडे घालतात. सासरी ताट कोरडं पाहून तिला ते लोक कंजूष वाटले होते, आणि झेनोनला तिनं पहिल्याच वर्षी तसं सुनावलंही होतं. यंदा मात्र डोक्यात गहू आणि पावाचं एवढं माजलं होतं की ती वाढायलाच विसरली होती. ताट कोरडं होतं. तिला लाज वाटली, आणि ती नेमकी कुणाची वाटली हे कळेना. आजीची, एल्झा नावाच्या त्या बाईची, की खुर्चीवरून उठून गेलेल्या आजोबांची, ज्यांचं काही चुकलं नव्हतं? आपण जत्रेतल्या त्या म्हातारीच्या लोकांतल्या नव्हेत म्हणून बरं वाटावं, की आपण एल्झाच्या घरात आहोत म्हणून वाईट? दोन्ही वाटत होतं, आणि दोन्हींची चव एकच होती. ती उठली. पावाच्या वाडग्यात तिनं डाव घातला, खालपर्यंत नेला, म्हणजे भिजलेला थरही वर येईल, आणि ताट भरलं. कडू बदामाचा वास वर आला. मावशीनं डोळ्यांना रुमाल लावला.

"एवढी?" झेनोन म्हणाला. त्याच्यानं गप्प बसवत नव्हतं. गप्प बसला की त्याला रडू येत असे. "कोण येणारे?"

"या घरची बाई," बोग्ना म्हणाली.

"ती तर समोरच उभी आहे. बस आता, सार निवतंय."

टेबलाला दोन खुर्च्या मोकळ्या होत्या. एकीसमोर खिरीचं भरलेलं ताट, दुसरीसमोर तिचं स्वतःचं, रिकामं. बोग्ना हातात डाव धरून उभी राहिली, आणि आपली खुर्ची कुठली ते तिला खरोखरच कळेना.